एकतीस आणि एक

तळं एवढंसं. या काठावरून हाक मारली
तर त्या काठावरचं कुत्रं कान टवकारतं.
मधोमध पाण्याखाली खडकाचा उंचवटा, पालथ्या होडीसारखा.
ऑक्टोबर सरता सरता पाणी गारठत गेलं
की मुइक्कू तिथे अंडी घालायला येतात,
वीतभर, चांदीचे, हजारांनी.
दहा रात्री. फार तर बारा.
मग तळ्यावर साय धरते
आणि खरी होडीही पालथी घालायची.

खडक एक, घरं दोन.
म्हणून माझ्या बापाने, एमेलीने, आणि पलीकडच्या विल्हो तुरुनेनने
सौनाच्या पायरीवर बसून,
उघड्या अंगाची वाफ निघत असताना ठरवून टाकलं:
विषम तारखेच्या रात्री आमचं जाळं,
समच्या रात्री त्यांचं.
कागद नाही, सही नाही.
दोघांनाही हिशेब चोख वाटला.

एकतीस तारीख कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

एकतीस आमची. तिच्या पाठची एकही आमचीच.
आणि मासे नेमके त्याच सुमाराला भरात.
पहिल्या वर्षी विल्हो हसला.
पुढच्या वर्षी हसला नाही.
त्याच्याही पुढे, त्याचा बारा वर्षांचा आर्मास
काठावर उभा राहून आमच्या टोपल्या मोजत होता,
मोठ्याने. पाण्यावरून आकडा स्पष्ट ऐकू यायचा.
बाप म्हणाला, शब्द म्हणजे शब्द.
मी वल्ही मारत होते, नऊ वर्षांची.
मला वाटलं, शब्दालाही जाळ्यासारखे डोळे असतात,
त्यातून बारीक गोष्टी निसटतात.
छे, हे मी आत्ता जुळवून सांगतेय.
तेव्हाचं आठवतं ते फक्त बोटं बधिर झाल्याचं.

त्याला आता साठ वर्षं.
आर्मास आणि मी दुकानात भेटलो
तर हवेबद्दल बोलायचो, तेही थोडक्यात.
त्याच्या जाळ्याला अजून भूर्जाच्या सालीची भेंडं,
माझ्या जाळ्याला प्लास्टिकची, निळी.
पहाटेच्या धुक्यात नुसत्या आवाजावरून कळायचं
कोण जाळं उचलतंय: तो खोकायचा,
मी मोजायचे.
हो, मलाही मोठ्याने मोजायची सवय लागली होती.

यंदा जूनमध्ये तो लाकडांच्या रचलेल्या ढिगावरून पडला. खुबा.
सम रात्री खडक मोकळा राहिला.
बावीस. चोवीस. सव्वीस.
मी खिडकीतून बघत बसायचे.
टाकावं का जाळं? कोण बघणार होतं?
अठ्ठावीसला होडीपर्यंत गेलेही.
बूट ओले करून परत आले.

एकतीसला माझं जाळं. अकरा किलो.
एक तारखेला दुपारी त्याच्या कोठारात शिरले,
त्या दाराला कुलूप कधीच नसतं.
जाळं खुंटीवर, विंचरून ठेवल्यासारखं.
संध्याकाळी तेच टाकलं.
सालीची भेंडं पाण्यावर इतकी हलकी बसतात,
मला ठाऊक नव्हतं.
वल्ही आणि जाळं एकटीला जमत नाही;
गुडघ्याने वल्हं दाबून, शिव्या देत, जमवलं.

सकाळी काठाला काचेएवढा बर्फ.
होडीने तो कुरकुरत फोडला.
नऊ किलो. अंड्यांनी टच्च पोटं.
बादली त्याच्या पायरीवर ठेवली.
आधी काठीचा आवाज, मग दार.
त्याने बादलीत बघितलं,
मग माझ्या खांद्यावरच्या भेंडांकडे,
मग आत वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, बराच वेळ.

"कालची रात्र तुझी होती."
"माहीत आहे."
"जाळं उलटं गुंडाळलंयस."

आणि तो दारातून जरासा बाजूला झाला.
चूल विझलेली होती. मी पेटवली.
टेबलावर वर्तमानपत्र पसरून
आम्ही मासे साफ करायला बसलो.
तो मोजत होता, मोठ्याने.
एकशे चाळीसनंतर चुकला.
मी काही बोलले नाही.